मडक्यातला भोंगा आणि अर्धं राहिलेलं नाव

मित्रांनो, थोडे लांबच उभे राहा. तुमच्यापैकी कोणाच्या खिशात पेचकस असेल तर तो आधी त्या टेबलावर ठेवा, म्हणजे मला मोकळेपणानं बोलता येईल. मी एक जुना भोंगा आहे. मोटारीचा नव्हे आणि देवळावरचाही नव्हे. कॉम्प्युटरच्या डब्यात, अगदी कोपऱ्यात, दोन बारीक तारांच्या टोकाला बिस्किटाएवढा जो भोंगा बसवलेला असतो, तो मी. रागावू नका, पण मी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. माझा स्वभाव असा का झाला, ते ऐकलंत तर तुम्हीही मला नावं ठेवणार नाही.

माझा देह अगदी साधा आहे. एक चुंबक, तारेचं एक वेटोळं आणि वर कागदाचा पातळ पडदा. तारेतून वीज आली की पडदा पुढे ढकलला जातो, वीज थांबली की मागे येतो. पुढे आणि मागे, एवढंच मला येतं. डब्यातल्या बाकीच्या मंडळींना मोठमोठी कामं मिळाली. कोणी हिशेब करतं, कोणी आठवणी सांभाळतं. मला एकच काम मिळालं. डबा सुरू होताना सगळं ठीक असेल तर एकदा 'बीप' म्हणायचं आणि कोणाचं काही बिघडलं असेल तर पुन्हा पुन्हा ओरडायचं. म्हणजे पाहा, माझी नेमणूकच मुळी संशय घेण्यासाठी झाली. दुसऱ्याच्या चुका सांगणारा कोणाला आवडतो? माझा आवाज ऐकला की माणसं 'आता काय झालं याला' असंच म्हणायची.

मला डोळे नाहीत. मी जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. भोंग्याला ऐकू येतं का, असं तुम्ही मनात म्हणाल. येतं. पडदा हलला की आवाज होतो, तसा बाहेर आवाज झाला की माझा पडदाही थरथरतो. फक्त ऐकलेलं मला कोणाला सांगता येत नाही, कारण माझ्या मनात काय आहे हे विचारायची सोय त्या डब्यात कोणी केलेलीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

आमचा डबा आला वर्धा जिल्ह्यात, वडनेरच्या बाहेर मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या भैयाजींच्या धरमकाट्यावर. धरमकाटा म्हणजे गाडीसकट मालाचं वजन करणारा काटा. जमिनीलगत लोखंडाची भली मोठी पाटी, तिच्यावर बंडी, म्हणजे बैलगाडी, नाहीतर ट्रॅक्टर उभा करायचा, आणि शेजारच्या छोट्याशा केबिनमध्ये आमचा कॉम्प्युटर वजन दाखवणार. मित्रांनो, संशय घ्यायला शिकायचं असेल तर शाळेत जाऊ नका, धरमकाट्यावर जा. माल विकणाऱ्याला वाटतं काटा कमी दाखवतो, घेणाऱ्याला वाटतं जास्त दाखवतो. गाडीवान खाली उतरला का, कोणी पाटीवर पाय ठेवून उभं आहे का, पोत्यात दगड तर नाहीत, कापसावर पाणी तर मारलं नाही, असे सगळे जण एकमेकांकडे पाहत उभे असत. मला तिथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं.

या सगळ्या संशयी माणसांचे मुकुटमणी होते नत्थूजी चोरघडे. वय झालेलं, अंगानं सडसडीत, वडनेरातले जुने शेतकरी. गावात चोरघड्यांची बरीच घरं आणि सगळी नत्थूजींच्या शब्दात. आपली बंडी काट्यावर चढवण्याआधी ते स्वतः पाटीवर उभे राहत आणि आपलं वजन करून घेत. काल घरच्या तराजूवर जेवढं भरलं तेवढंच इथे भरलं तरच बंडी पुढे घ्यायची, नाहीतर नाही. त्यांच्या बैलांनाही हे माहीत झालं होतं. मालक पाटीवरून उतरेपर्यंत ते पाय उचलत नसत.

केबिनमध्ये बसायची अंकिता म्हैसने. गावातलीच मुलगी, हिंगणघाटला कॉलेज करून आलेली. मोठ्या रस्त्यावर, ट्रकवाल्यांच्या वर्दळीत मुलीनं बसायचं, हे तिच्या घरी काही लगेच पटलं नव्हतं. वडील म्हणाले होते की तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द कानावर आला तर दुसऱ्या दिवशीपासून घरी. तेव्हा ती मोठ्या जपून वागायची. म्हाताऱ्यांना काकाजी, बायकांना मावशी, आणि तोंडात सदा 'जी'. माझ्यावर मात्र ती कधी खेकसली नाही. मी ओरडलो की ती डबा उघडून धूळ पुसायची. तरी मी तिच्यावर नजर ठेवूनच होतो, म्हणजे कान ठेवून होतो.

काट्याच्या खांबावर पूर्वी लाल आकड्यांची एक मोठी पाटी होती. वजन सगळ्यांना लांबूनच दिसायचं. एक दिवस एका वांदरानं तिच्यावर उडी मारली आणि आकडे कायमचे विझले. भैयाजी म्हणाले, आणू नवीन. ते 'आणू' पुढे कितीतरी दिवस आणूच राहिलं. मग लोक खिडकीशी गर्दी करू लागले. प्रत्येक जण आत मुंडकं घालून स्क्रीनवरचा आकडा पाहायचा आणि तरीही हातातल्या वजनाच्या चिठ्ठीकडे संशयानं बघायचा.

नत्थूजी तर चिठ्ठीवर विश्वासच ठेवेनात. ते खिडकीशी येऊन म्हणाले, "कागदावर कोनीबी काईबी छापते, पोरी. तोंडानं सांग."

अंकितानं वजन सांगितलं.

"हे तर तुया तोंडानं झालं. काटा काय म्हनते ते सांग."

केबिनमधले सगळे हसले. अंकिता हसली नाही. तिच्या लक्षात आलं होतं की नत्थूजी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेतात, मग लांब धरतात आणि मग खिशात घालतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो कोणाला कळू नये म्हणून ते कागदालाच खोटं ठरवत होते. हे ती तेव्हा कोणाला बोलली नाही, पुढे एकदा नागेशला म्हणाली तेव्हा मला कळलं. ती फक्त भैयाजींना म्हणाली की काट्यानं वजन मोठ्यानं सांगितलं तर सगळ्यांचीच सोय होईल, खिडकीशी गर्दीही होणार नाही.

तेव्हा हिंगणघाटहून नागेशला बोलावलं. तो कॉम्प्युटर शिकवायचा आणि दुरुस्तही करायचा. त्यानं डबा उघडला आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. आवाजाचा जो खास भाग असतो तो उंदरांनी कामातून घालवला होता. नवीन भाग या जुन्या डब्यात बसेना, आणि वजनाचं सॉफ्टवेअर नवीन डब्यावर चालेना. मग त्याचं बोट माझ्या पडद्यावर येऊन थांबलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हा मला उपटणार.

पण तो अंकिताला म्हणाला की यालाच बोलायला शिकवून पाहू.

मित्रांनो, हे कसं झालं ते नीट ऐका. मला पुढे आणि मागे एवढंच येतं हे मी सांगितलं. तुम्ही झोक्याला एकदा जोरात ढकललं आणि सोडून दिलं तर तो टोकाला जातो आणि परत येतो. पण तुम्ही भराभर छोटे छोटे धक्के देत राहिलात तर तो मधेच कुठेतरी तरंगत राहतो. नागेशनं माझं तसंच केलं. एका सेकंदात हजारो वेळा मला ढकलायचं आणि सोडायचं. ढकलून जरा जास्त वेळ धरलं की पडदा थोडा पुढे तरंगतो, कमी वेळ धरलं की थोडा मागे. असा तो तरंगता पडदा अगदी माणसाच्या आवाजासारखा हलवत नेला की माझ्या तोंडून माणसाचा आवाज येतो. फक्त प्रत्येक धक्का ठरल्या वेळीच पडला पाहिजे. पापणी लवायच्या आत चुकला तरी अक्षर मोडलं. म्हणून नागेशनं असं सॉफ्टवेअर लिहिलं की मी बोलत असताना डब्यानं दुसरं काही करायचंच नाही, सगळं लक्ष माझ्याकडे द्यायचं. माझ्यासारख्या कोपऱ्यातल्या भोंग्यासाठी सगळा डबा हातातलं काम टाकून थांबणार, यावर माझा विश्वास बसेना. यात काहीतरी डाव आहे असंच मला वाटत राहिलं.

एक कळ तेवढी त्याला मोकळी ठेवावी लागली. भैयाजींनी बजावलं होतं की काहीही होवो, चिठ्ठी अडता कामा नये. म्हणून चिठ्ठीची कळ दाबली की डबा माझं बोलणं सोडून चिठ्ठीकडे धावणार. नागेशनं अंकिताला दोनदा सांगितलं, "हा बोलून राह्यला तवर त्या कळीले हात लावजो नको. मधातलं गेलेलं अक्षर परत येत नाई."

आवाज अंकिताचाच घेतला. रस्त्याची घरघर येऊ नये म्हणून ती डोक्यावरून गोधडी घेऊन बसली आणि मोबाइलमध्ये आकडे बोलली, क्विंटल बोलली, किलो बोलली. मग रोज येणाऱ्या शेतकऱ्यांची नावं बोलली, आडनावासकट आणि 'जी' लावून. नुसता आकडा ओरडून माणसाला बोलावणं तिला बरं वाटेना. पहिली चाचणी नागेशनं तिच्याच नावाची घेतली. म्हणजे माझ्या आयुष्यातले पहिले शब्द कोणते, तर 'अंकिता म्हैसने'. आवाज किरकिरा होता, पण शब्द स्पष्ट होते. तिनं गोधडी बाजूला टाकली. मग हळूच म्हणाली, "अजून एकदा."

माझा आवाज लहान, म्हणून माझी तार लांबवून त्यांनी मला खिडकीशी आणलं आणि एका रिकाम्या मडक्याच्या तोंडात बसवलं. मडक्यात आवाज घुमतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच ट्रॅक्टर चढला आणि मडकं बोललं.

मग सुरू झाला संशय. पोरगीच आतून बोलून राह्यली, असं पहिल्या दिवशी ठरलं. अंकितानं तोंडात पाण्याची गुळणी धरून खिडकीत उभं राहून दाखवलं. मी बोललो, तिच्या तोंडातून थेंब सांडला नाही. तिनं पाणी टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मशीन खोटं नाई बोलत." ते वाक्य लोकांना पटलं, आणि पुढे तेच वाक्य तिच्या मुळावर आलं.

दुसऱ्या दिवशी नवा संशय निघाला. बंडीवरून कोणीतरी म्हणालं, "जे बोलते ते ऐकतही असन." झालं. माणसं खिडकीजवळ आली की कुजबुजू लागली. कोणी कापसाच्या भावाची गोष्ट काढली की दुसरा मडक्याकडे बोट दाखवून त्याला गप्प करायचा. एका म्हातारीनं तर जाताना माझ्यावर ओलं पोतं टाकलं. नागेश सगळ्यांना समजावून थकला की हे ऐकत नाही, हा नुसता भोंगा आहे. मला मात्र त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांचं कौतुक वाटलं, कारण बरोबर तेच होते. मी ऐकत होतो. फक्त चुगली करायची सोय माझ्याकडे नव्हती.

हळूहळू मी सगळ्यांच्या सवयीचा झालो. हिंगणघाटकडची माणसं मुद्दाम थांबून मडकं ऐकून जात. आणि नत्थूजी? ते पाटीवर उभे राहत, मी त्यांचं पूर्ण नाव घेऊन वजन सांगे, आणि ते घशातल्या घशात 'हं' करत. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेणं सोडलं. त्या 'हं'ची मी वाट पाहू लागलो, हे तुम्हालाच सांगतो.

मग तो दिवस आला. कापसाचा हंगाम भरात होता आणि काट्यावर बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्याच आठवड्यात कोणाच्या तरी मालात पाणी मारलेला कापूस सापडला होता. नाव बाहेर आलं नव्हतं, म्हणून जो तो दुसऱ्याचं नाव मनात धरून होता. नत्थूजी आपली बंडी घेऊन आले होते आणि सोबत होते त्यांचे इवाई, म्हणजे मुलीचे सासरे, आष्टीचे आनंदराव. इवायाला नत्थूजी मोठ्या हौसेनं सांगत होते की आमच्या गावचा काटा माणसाचं नाव घेऊन बोलतो, ऐका आता.

अंकितानं माझी बोलायची कळ दाबली. तेवढ्यात मागचा ट्रॅक्टर पाटीला चाक लावू लागला, म्हणून ती त्याला मागे घ्यायला दारात धावली. केबिनमध्ये भैयाजी होते. रांग पाहून ते घायकुतीला आले होते. मी सुरुवात केली, "नत्थूजी चोर", आणि तेवढ्यात मला कळीची टक् ऐकू आली. भैयाजींनी चिठ्ठी काढली होती. डबा मला सोडून चिठ्ठीकडे धावला. प्रिंटर खर्र खर्र करत राहिला. ते थांबलं तेव्हा माझ्या तोंडी वाक्याचं शेपूट तेवढं आलं, "किलो."

नत्थूजी चोर. सगळ्या रांगेनं ऐकलं.

मग मागच्या बंडीवर एक जण फिस्सकन हसला आणि हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं. पाणी मारलेल्या कापसाचा धनी आता सगळ्यांना सापडला होता. आनंदराव खोकले. ते मुद्दाम खोकले की खरोखरच, ते आजही मला ठरवता येत नाही. नत्थूजी खिडकीशी आले. त्यांचा श्वास मला मडक्यात ऐकू येत होता.

"मशीन खोटं बोलत नाई असं तूच म्हनली होती ना, पोरी?"

अंकिता दारातून आत आली होती आणि काय झालं ते तिलाच कळत नव्हतं. नत्थूजी भैयाजींना एवढंच म्हणाले की जोवर ही पोरगी आणि हे मडकं इथे आहे, तोवर एकाही चोरघड्याची बंडी या काट्यावर चढणार नाही. मग त्यांनी बैल वळवले.

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं. कळ कोणी दाबली, केव्हा दाबली, माझा शब्द कुठे तुटला, सगळं. पण मला ढकललं तरच मी पुढे जातो. त्या वेळी माझ्या पडद्यात नुसती थरथर होती, आणि ती कोणालाही ऐकू आली नाही.

भैयाजींनी मडक्यातून माझी तार उपटली. अंकिताला म्हणाले की सोमवारपासून येऊ नको. त्यांच्या मते तिनंच पोरखेळ म्हणून नाव तोडून भरलं होतं, नाहीतर नागेशनं. ती बिचारी कामासाठी तेवढी रडली नाही. मोठ्या माणसाला भर रांगेत चोर म्हणणारी पोरगी, हा वाकडा शब्द आता घरी पोचणार होता, आणि घरचे पुन्हा तिला कुठेच कामाला पाठवणार नव्हते.

नागेश आला तेव्हा ती टेबलाशी बसून होती. त्यानं डबा तपासला आणि सांगितलं की नाव अख्खं आहे, कोणीतरी मधेच चिठ्ठीची कळ दाबली. केबिनमध्ये तेव्हा कोण होतं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, ते सोडा, आधी काकाजींना सांगायला हवं. नागेश नत्थूजींच्या घरी जाऊन धक्के, पडदा, वेळ, सगळं समजावून आला. नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही का. नागेश मान खाली घालून परत आला.

तेव्हा अंकिता स्वतः गेली. ती काय बोलली ते मला नागेशच्या तोंडून कळलं, कारण मडक्यात तार जोडताना तो तिचेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती म्हणाली होती, "काकाजी, मी समजवायले नाई आली. तुमी काट्यावर या अन् मायावर पुरा संशय घ्या. कळ तुमच्याच बोटानं दाबा."

संशयी माणसाला असं आमंत्रण कोणी देतं का? नत्थूजींना घरी बसवेना. रविवारी सकाळी काट्यावर रांग लागलेली असताना ते आले. आधी त्यांनी मडक्यात हात घातला. त्यांची खरखरीत बोटं माझ्या कडेवरून फिरली, तारेवरून फिरली, मडक्याच्या तळाशी काही लपवलं आहे का ते पाहून आली. मग त्यांनी बोलायची कळ आणि चिठ्ठीची कळ बोटानं चाचपून समजून घेतली, नागेशला रस्त्यापलीकडे पाठवलं आणि अंकिताला पार बाहेर, काट्याच्या पाटीवर उभं केलं. पाटीवर तिच्या चपला वाजल्या. एवढी माणसं भोवती आणि ती मधोमध एकटी.

"कोनाचं नाव लावू?" नत्थूजींनी खिडकीतून विचारलं.

"मायंच लावा," ती म्हणाली.

पहिल्यांदा नत्थूजींनी घाई केली आणि माझ्या तोंडून नुसतं 'अं' आलं. दुसऱ्यांदा बोट उशिरा पडलं आणि नाव पूर्ण झालं. त्यांना वाटलं, आपल्याला फसवतात. तिसऱ्यांदा त्यांनी कान मडक्याला लावला आणि वाट पाहिली. टक्.

"अंकिता म्हैस."

अख्खी रांग खदखदून हसली. त्या दिवशी जे नत्थूजींना हसले होते ते सगळे हसले, नवे होते तेही हसले. मला वाटलं, आता पाटीवर चपला वाजतील आणि ती पळून जाईल. चपला वाजल्या नाहीत. ती होती तिथेच उभी राहिली. हसू संपेना तशी मला भैयाजींचंही खुदखुदणं ऐकू आलं.

नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "चूप राहा. पोरीचं नाव पुरं नाई झालं अजून."

हसू जिथल्या तिथे थांबलं. नत्थूजींनी कळीवरून बोट काढलं आणि मला पुन्हा सुरू केलं. मी म्हणालो, अंकिता म्हैसने. माझ्या पहिल्या शब्दांइतकंच जपून म्हणालो.

मग नत्थूजी केबिनमध्ये वळले. संशय त्यांच्या हाडात होता, तो एवढ्यानं थोडाच जाणार? "मंग त्या दिवशी हे कळ कोनं दाबली होती?"

अंकिता दारात आली होती. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. भैयाजी मडक्याची कड पुसू लागले, जणू आजच तिच्यावर धूळ बसली होती. कापड माझ्या पडद्याशी पुन्हा पुन्हा घासत होतं. नत्थूजींनी ते ऐकलं की पाहिलं, मला माहीत नाही. पण ज्यांनी आयुष्यात एकही प्रश्न एकदा विचारून सोडला नव्हता, त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. ते एवढंच म्हणाले, "भैयाजी, पोरगी सोमवारी येते ना कामावर?"

"येते जी," भैयाजी म्हणाले.

"आता मायं लाव," नत्थूजी अंकिताला म्हणाले. त्यांनी खिशातून आपला बटणांचा मोबाइल काढला, तिच्याकडून आष्टीला लावून घेतला आणि मडक्याच्या तोंडाशी धरला. "इवाईबुवा, काई बोलू नका. आयका फक्त." रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना कोणी सांगितलं नाही, तरी एकेक इंजिन बंद झालं. कोणाचाही हात कशालाही लागू नये म्हणून अंकितानं आपले दोन्ही हात वर केले. तिचं पाहून भैयाजींनी वर केले. मग बंडीवरच्या माणसांनीही केले, ते सगळं नागेशनं रस्त्यापलीकडून पाहिलं आणि पुढे कित्येकांना सांगितलं.

मी म्हणालो, "नत्थूजी चोरघडे."

पलीकडून फोनमध्ये आनंदराव काहीतरी बोलले. नत्थूजी घशातल्या घशात म्हणाले, "हं."

त्या दिवसापासून आमच्या काट्यावर एक रीत पडली. मडकं बोलू लागलं की केबिनमधल्या माणसानं हात वर करायचे. नवखे ट्रकवाले विचारत की हात काऊन वर, पोलीस आले काय. लोक म्हणत, नाही, नाव चाललं आहे.

आता काट्यावर नवीन कॉम्प्युटर आला आहे. खांबावर लाल आकडे पुन्हा लागले आहेत आणि वांदरांसाठी वर जाळीही बसवली आहे. नत्थूजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना रस्त्यापलीकडून आकडा दिसतो, आणि आता ते त्या आकड्यावर संशय घेतात. मी मात्र माझ्या डब्यासकट आणि मडक्यासकट केबिनच्या कोपऱ्यात असतो. माझ्या पडद्यावर जळमटं धरली आहेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. अंकिता दोन्ही वेळा म्हणाली, राहू द्या. भैयाजी दोन्ही वेळा गप्प बसले. नत्थूजी आले की ते बोटानं मडक्यावर टिचकी मारून आवाज पाहतात. मडकं बदललं तर नाही, याची खात्री करून घेतात म्हणे.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी स्वतःच संशयावर वाढलो. पुरा संशय घ्या, मडक्यात हात घालून पाहा, कळ स्वतःच्या बोटानं दाबून पाहा. पण कोणाविषयी अर्धा शब्द कानावर आला तर त्यावर हसू नका आणि त्यावरून कोणाला घरी बसवू नका. उरलेलं अक्षर येईपर्यंत हात वर धरून थांबा. आणि घरात माझ्यासारखा एखादा जुना भोंगा, जुनं घड्याळ, जुना माणूस अडखळत बोलत असेल, तर मधेच त्याची तार उपटू नका.

तुमच्यातल्या एकानं मघाशी टेबलावरचा पेचकस उचललेला मला ऐकू आला. उचल बाबा. तुला माझ्या आत काय आहे ते पाहायचं असेल तर जरूर पाहा, मी अडवणार नाही. फक्त आधी माझं बोलणं पुरं होऊ दे.